दादांची ट्रंक

सांगली, गावभाग
मृगाचा पहिला पाऊस

चि. बाळास अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू म्हणालास, फोटो तेवढे स्कॅन करून ठेवू, बाकीची रद्दी आता देऊन टाक. मी काही बोलले नाही. रागावले नव्हते. पण ट्रंक उघडून तुझ्यासमोर एकेक कागद ठेवल्याशिवाय उत्तर देता येणार नव्हतं, म्हणून हे पत्र.

तुझ्या आजोबांना तू म्हातारपणीच पाहिलंस. शिकवणीच्या मुलांना आरोह-अवरोह घोटून घेणारे दादा. त्याआधी ते मुंबईत सिनेमाच्या वाद्यवृंदात व्हायोलिन वाजवत, एवढंच तुला माहीत. लता मंगेशकरांचं बालपण आपल्या सांगलीत गेलं, हे इथलं शेंबडं पोरही सांगेल आणि सांगावंच. पण गाण्याच्या मागे एका दमात उठणारी ती पंचवीस-तीस व्हायोलिनं कोणाची, हे तबकडीवर कुठंही छापलेलं नसायचं. सिनेमाचं नाव, गाणाऱ्याचं, संगीतकाराचं, संपलं. दादा त्या व्हायोलिनांमध्ये होते याचा पुरावा जगात एकाच ठिकाणी आहे, आपल्या ट्रंकेत.

त्यांच्या वह्यांपैकी एक लांबट, निळ्या पुठ्ठ्याची आहे. ती आधी बघ. दादा व्हायोलिन शिकले ते इथंच, कीर्तनाला साथ करणाऱ्या एका गुरुजींकडे. मांडी घालून बसायचं, वाद्याचं टोक पायावर टेकवायचं, तारा सा-प-सा-प अशा लावायच्या. व्हायोलिनवादक पं. व्ही. जी. जोग वाजवत ती बैठक. मुंबईत गेल्यावर सगळं उलटंपालटं झालं. तिथं खुर्चीवर बसून वाद्य हनुवटीखाली धरायचं, तारा जी-डी-ए-ई, आणि समोर स्टाफ नोटेशनचा, म्हणजे पाच ओळींवर टिंबांनी स्वर लिहिलेला कागद. तो वाचता आला नाही तर काम नाही. वाचणारे बहुतेक गोव्याचे ख्रिस्ती वादक होते, चर्चच्या शाळेत लहानपणापासून शिकलेले. मजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस त्यांतलेच. त्यांच्याकडे प्यारेलाल व्हायोलिन शिकले. १९५८ साली गोन्साल्विसांनी आपले राग आणि पाश्चात्य वाद्यवृंद एकत्र आणणारा स्वतःचा ऑर्केस्ट्रा उभा केला. दादा त्यांचं नाव कान पकडून घेत.

तर त्या वहीत पहिल्या पानांवर प्रत्येक टिंबाखाली पेन्सिलीनं देवनागरीत सा, रे, ग लिहिलंय. पुढं पुढं अक्षरं विरळ होतात. विसाव्या-बाविसाव्या पानावर फक्त अवघड उडीच्या जागी एखादा म किंवा ध. मग नुसतीच टिंबं. चोविशीतला एक माणूस रात्री चाळीतल्या दिव्याखाली दुसऱ्यांदा अक्षरओळख करून घेतोय, हे पानागणिक दिसतं. त्यातलं एखादं 'छान' पान काढून स्कॅन केलंस, तर यातलं काहीही उरणार नाही.

पेन्सिलीचं आणखी सांगते. वाद्यवृंदात एका स्टँडवर दोन वादक बसतात. आतल्या बाजूचा पान उलटतो, बाहेरचा वाजवत राहतो. दादा कित्येक वर्षं आतल्या बाजूला होते, म्हणून त्यांच्या कागदांचा खालचा उजवा कोपरा मळलेला असतो. सगळ्यांचे गज एकाच वेळी एकाच दिशेला जावे लागतात, त्याच्या खुणा स्वरांवर असतात. गज खाली ओढायचा तर तळ नसलेल्या चौकोनासारखी खूण, वर न्यायचा तर इंग्रजी व्ही. या खुणा कधीही शाईनं करत नाहीत, कारण ऐन वेळी कोणीतरी सांगतं, उलट करा. मग खोडायचं आणि पुन्हा लिहायचं.

म्हणूनच त्या वाचल्या. २००५ च्या पुरात पाणी भिंतीवर जिथवर चढलं होतं, त्याच्या वर फळी ठोकून मी ट्रंक ठेवली होती. तेवढं पाणी पुन्हा कुठलं येतंय, असं सगळ्या गल्लीला वाटत होतं. ऑगस्ट २०१९ ला आयर्विन पुलापाशी धोक्याची पातळी ४५ फूट, आणि कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली. आम्ही बोटीतून बाहेर पडलो, ट्रंक आत राहिली. परत आलो तेव्हा व्हायोलिन सुटं झालं होतं. सरसानं जोडलेलं वाद्य, पाण्यात सरस विरघळला. ते मिरजेच्या सतारमेकर गल्लीतल्या कारागिरानं पुन्हा जोडून दिलं. शाईनं लिहिलेलं मात्र पुन्हा जोडता येत नाही. मी घाईघाईनं कागदांमध्ये जुनी वर्तमानपत्रं घातली आणि काही पानांवर त्यांचे उलटे मथळे उमटले. कोरा कागद घालायला हवा होता. ती चूक माझी आहे आणि मला ती अजून लागते.

आता मुख्य गोष्ट. रेकॉर्डिंग झालं की वादकांचे कागद बहुतेक टाकूनच दिले जायचे. दादा ते घरी आणत, कारण मागची बाजू कोरी असे आणि कागद जाड, चांगला. त्या कोऱ्या बाजूवर ते माझ्या आईला पत्रं लिहीत. म्हणजे एका बाजूला व्हायोलिनचा भाग, दुसऱ्या बाजूला "सौ. हिस, मनीऑर्डर मिळाली असेल". तू म्हणतोस कामाचे कागद वेगळे काढू, घरचे वेगळे. कसे काढणार बाळा? ते एकच कागद आहेत.

पुरात पत्रांची निळी शाई धुऊन गेली. मागचं पेन्सिलीचं सगळं जसंच्या तसं आहे. पण आई मला ती पत्रं वाचून दाखवायची तेव्हा कागदाची पाठ माझ्याकडे असायची. मला वाचता येत नव्हतं, मी टिंबं बघत बसायची. त्यामुळे कुठल्या पाठीमागे कुठलं पत्र होतं हे मला आजही सांगता येतं. टिंबांची मुंग्यांसारखी गर्दी आहे ते मला गोवर आला तेव्हाचं. लांब लांब स्वरांचं, जवळजवळ मोकळं पान आहे ते आजीच्या श्राद्धाला येता येत नाही म्हणून लिहिलेलं. एकावर कोपऱ्यात चहाच्या कपाचं वर्तुळ आहे, त्यात माझ्या शाळेच्या फीचा हिशेब होता आणि ई तार पुन्हा तुटल्याची तक्रार. ती सगळ्यांत बारीक, तीच आधी जाते.

तेव्हा माझं म्हणणं असं. आहे त्या क्रमानं प्रत्येक कागदाला नंबर घालायचा, कुठलाही वगळायचा नाही. रोजच्या डायऱ्यासुद्धा, ज्यात स्टुडिओ आणि वेळ यापलीकडे काही नाही. त्या डायऱ्यांत पेन्सिलीच्या नोंदी एका पानावर दाटीवाटीनं आहेत आणि १९८० नंतर, सिंथेसायझर आल्यावर, पानंच्या पानं कोरी आहेत. दादा कोणाला काही बोलले नाहीत. कोरी पानंही स्कॅन कर. दोन्ही बाजू एकाच नंबरखाली घ्यायच्या. गंजलेल्या टाचण्या मी काढेन, तू ओढू नकोस, कागद फाटतो. आणि तू नंबर घालत असताना मी शेजारी बसून त्या त्या पत्रात काय होतं ते सांगेन, ते तू लिहून घे. मला शब्दशः आठवत नाही, जेवढं आठवतं तेवढंच सांगेन. यादी तयार झाली की मग पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात विचारू.

चार दिवसांची रजा काढ आणि आषाढ लागायच्या आत ये. यंदा ट्रंक वरच्या मजल्यावर गच्चीलगतच्या खोलीत नेली आहे, शेजारच्या दोघांनी उचलू लागलं. तरी नदी चढायच्या आत एक प्रत तुझ्याकडे पुण्याला गेलेली बरी.

येताना मऊ शिशाच्या चार पेन्सिली आण. पेन आणू नकोस.

तुझी,
आई