गोदामातली धूळ

सांगली, रविवार

प्रिय सुन्या,

परवा फोनवर तू म्हणालास, "लेका, इतकी वर्षं झाली, तू नक्की करतोस काय ते एकदा नीट सांग की", आणि मी गडबडीत फोन ठेवला. ते मनाला लागून राहिलं. सध्या सुट्टीला घरीच आहे, म्हणून बसून लिहितोय.

तुमचं हळदीचं गोदाम आठव. पत्र्याच्या भोकातनं उन्हाची तिरीप यायची, त्यात पिवळी धूळ तरंगायची, आपण पोत्यांवर पडून बघत बसायचो आणि कोपऱ्यात तीच धूळ एकमेकींना चिकटून तिचे बारीक गोळे झालेले असायचे. माझं काम तिथूनच सुरू होतं बघ. नवीन ताऱ्याभोवती गॅस आणि धुळीची चकती फिरत असते, त्यातले मिलिमीटरच्या हजाराव्या भागाएवढे कण असेच चिकटत चिकटत खड्याएवढे होतात. इथवर सोपं आहे. पण गॅसला स्वतःच्या दाबाचा आधार असतो त्यामुळं तो जरा सावकाश फिरतो, खडा जोरात, म्हणजे खड्याला कायम समोरून वारा, वेग मरतो आणि तो ताऱ्याकडं सरकत जातो. पृथ्वीच्या जागी मीटरभराचा धोंडा ठेवला तर साधारण शंभर वर्षांत सूर्यात! वायडेनशिलिंग नावाच्या शास्त्रज्ञानं हे १९७७ सालीच दाखवलं. मग आपली पृथ्वी झाली कशी? या एका प्रश्नापायी मी घर सोडलं.

२००५ साली यूडिन आणि गुडमन या शास्त्रज्ञांनी यातनं एक वाट दाखवली. हंगामात उसाच्या ट्रॉल्या कशा लागतात, पुढची हळू चालली की मागची येऊन अडकते, तिच्या मागं अजून चार. खड्यांचंही तसंच, घोळक्याला वारा कमी लागतो, तो हळू सरकतो, बाहेरून येणारे त्यात सापडतात, आणि गर्दी पुरेशी झाली की स्वतःच्याच गुरुत्वाकर्षणानं सगळं आत कोसळून कित्येक किलोमीटरचा गोळा होतो. याला स्ट्रीमिंग इन्स्टॅबिलिटी म्हणतात.

पीएचडीत माझ्या कॉम्प्युटरवरच्या सिम्युलेशनमध्ये असे सुंदर गोळे आले होते. गाइडनी ग्रिड, म्हणजे गणितासाठी आखलेली चौकटींची जाळी, दुप्पट बारीक करून बघ म्हटलं, केलं, आणि निम्मे गोळे गायब, म्हणजे ते नुसते जाड जाळीमुळंच दिसत होते. आठ महिन्यांचं काम, रात्री दोन वाजता, रिकाम्या लॅबमध्ये. तुला तेव्हा सांगितलं नाही, आवाज फुटला असता. सगळं पहिल्यापासून परत केलं.

मग १ जानेवारी २०१९ ला नासाचं न्यू होरायझन्स यान प्लूटोच्याही पलीकडच्या ॲरोकॉथ नावाच्या छोट्या बर्फाळ गोळ्याजवळून गेलं, पृथ्वीपासून ६६० कोटी किलोमीटर लांब. फोटो आले तेव्हाही मी इथंच होतो, आईच्या स्वयंपाकघरात. दोन लाडू हलक्या हातानं टेकवून ठेवावेत तसं दिसत होतं ते, कुठं चेंदामेंदा नाही, माणूस चालतो तेवढ्याच वेगानं येऊन जुळलेलं. धडकून नाही रे, हळूच गोळा होऊन झालंय! आईला मोबाइल दाखवला आणि डोळेच भरून आले माझे.

गोदामाचे पत्रे काढून स्लॅब टाकणार म्हणालास ना, मी निघायच्या आत नको काढूस. लेकीला घेऊन येतो, सकाळी दहाच्या सुमाराला तिरीप बरोबर वजनकाट्यावर पडते.

तुझाच,
अभ्या