आजोबांची बॅग आणि बुरशी

पुणे, ८ ऑगस्ट

प्रिय मिलिंद,
सप्रेम नमस्कार.

आजोबांच्या चामडी बॅगेवर पांढरं आलंय, त्याचे फोटो पाहिले. खोबरेल लावायच्या बेतात असशील तर थांब, बुरशीला ते आयतं खाद्य. व्हिनेगरही नको, झाडाच्या सालीने कमावलेल्या जुन्या चामड्याला आम्ल सोसत नाही.

आधी भिंगातून बघ. कापसासारखे तंतू आणि कुबट वास असेल तर बुरशीच. तंतू नसतील तर हेअर ड्रायरची कोमट हवा लांबून दे. पांढरं विरघळलं तर ती चामड्यातलीच चरबी वर आलेली. फडक्याने पुसलीस की झालं.

मग कोपऱ्यावर बोट फिरव. लालसर भुकटी बोटाला लागली तर तिथे पाणी किंवा स्पिरिट मुळीच लावू नकोस. जागा काळी पडून कडक होते आणि पुन्हा सुधारत नाही. तिथे फक्त कोरडा ब्रश.

ओली बुरशी पुसली की फासली जाते. म्हणून बॅग दोन दिवस बंद डब्यात, ओल शोषणाऱ्या सिलिका जेलसोबत ठेव. उन्हात नको, चामडं आखडून तडकतं. (श्रावणातल्या उन्हाचा भरवसाही नाहीच म्हणा.) वाळल्यावर गॅलरीत सावलीत बस, एन-९५ मास्क लाव आणि मऊ ब्रश एकाच दिशेने, स्वतःपासून लांब, फिरव. शिवण, पट्ट्याची मागची बाजू, कप्प्याचा तळ या तीन जागा हमखास राहतात, आणि पंधरा दिवसांत बुरशी तिथूनच परत येते.

त्यानंतर, भुकटी नसलेल्या जागी, ७० टक्क्यांचं आयसोप्रोपिल अल्कोहोल, म्हणजे वर म्हटलेलं स्पिरिट. ९९ टक्क्यांचं मिळालं तर त्याच्या सात भागांना तीन भाग डिस्टिल्ड वॉटर घाल. पाण्यामुळे ते हळू उडतं आणि बुरशीच्या आत शिरतं. सुती फडकं नुसतं दमट कर. बुडाला रुपयाएवढ्या जागेवर लावून बघ. फडक्याला रंग आला तर तिथेच थांब. नाही आला तर थोडं थोडं पुसत, दर वेळी फडक्याची घडी बदलत जा. डाग उरतील. घासू नकोस, चामड्याची साल निघेल.

बकलाभोवतीचं हिरवं मेण ही बुरशी नव्हे, पितळेतलं तांबं चरबीशी मिळून होतं ते. बांबूच्या टूथपिकने खरवड. भांड्यांची पावडर शिवणीत बसते, ती नको.

माळ्यावर, प्लॅस्टिकच्या पिशवीत परत टाकू नकोस. जुन्या सुती साडीत गुंडाळून, भिंतीपासून सुटी ठेव. पुण्यात या दिवसांत हवेतला दमटपणा ८० टक्क्यांवर सहज जातो आणि बुरशीला ६५-७० पुरतो, तेव्हा कपाटात आर्द्रतामापक ठेव. दमटपणा ५० टक्क्यांच्या आसपास हवा. निळं जेल गुलाबी झालं की बदल.

भुकटी लागली का, तेवढं मात्र लगेच कळव.

तुझा,
संजय