नांदायला निघालेल्या बाईकडे परतीचं तिकीट मागणाऱ्यांना

प्रति,
मा. आयुक्त, गृहव्यवहार आणि स्थलांतर,
युरोपीय आयोग, ब्रसेल्स.

विषय: युरोपीय नागरिकाची पत्नी म्हणून केलेला व्हिसाचा अर्ज फेटाळल्याबाबत.

महोदय,

स.न.वि.वि.

पत्र मराठीत लिहिते आहे, त्याबद्दल क्षमस्व. युरोपीय संघाच्या अधिकृत भाषा 24, त्यात मराठी नाही हे मला माहीत आहे. पण गेल्या सात महिन्यांत माझ्या जन्मदाखल्यापासून सासऱ्यांच्या रेशनकार्डापर्यंत प्रत्येक कागदाचं भाषांतर मी स्वखर्चानं करून दिलं. एवढ्या एका कागदाचं तुम्ही करून घ्यावं, ही विनंती. शिक्का नसला तरी चालेल.

मंगळवारी कुरियरवाला पाकीट देऊन गेला. आत माझा पासपोर्ट आणि एक छापील कागद. कागदावर कारणांची यादी, त्यातल्या एका चौकोनात खूण. व्हिसाची मुदत संपण्यापूर्वी मी सदस्य देशांचा प्रदेश सोडीन याबद्दल म्हणे रास्त शंका आहे.

शंका अगदी रास्त आहे, साहेब. मला परत यायचंच नाही. मी नवऱ्याकडे नांदायला चालले आहे, युरोप बघायला नाही. आमच्याकडे मुलगी सासरी निघाली की ओटी भरतात, परतीचं तिकीट विचारत नाहीत.

माझा नवरा पेडण्याचा. त्याचे वडील आणि आजोबा दोघेही 1961 च्या आधी गोव्यात जन्मलेले, म्हणजे पोर्तुगीज अमलात. त्या जोरावर त्यानं लिस्बनला जन्मनोंद करून पोर्तुगीज पासपोर्ट घेतला. पहिल्यांदा तो इंग्लंडला होता, स्विंडनच्या एका गोदामात. ब्रेक्झिटचं वारं लागलं तसा तो तुमच्या संघातल्या एका देशात गेला. पोर्तुगालात नाही, दुसऱ्या देशात. त्या देशाचं नाव इथं लिहीत नाही. त्याची नोकरी आणि माझी फाइल दोन्ही तिथंच अडकली आहेत.

दुसऱ्या देशात असणं महत्त्वाचं आहे, म्हणून सांगते. तुमच्या 2004/38 क्रमांकाच्या निर्देशात, म्हणजे ज्याला आम्ही सगळे नुसतं 'डायरेक्टिव्ह' म्हणतो त्यात, लिहिलंय की जो युरोपीय नागरिक स्वतःचा देश सोडून संघातल्या दुसऱ्या देशात राहतो, त्याच्या नवऱ्याबायकोला, एकवीस वर्षांखालच्या मुलांना आणि त्याच्यावर अवलंबून असलेल्या आईवडिलांना त्याच्याबरोबर राहण्याचा हक्क आहे. (तोच माणूस स्वतःच्या देशात राहिला तर हा हक्क नाही, तिथं त्या देशाचा कायदा. हा न्याय मला कोणी समजावून सांगितला तर त्याला सावंतवाडीची लाकडी खेळणी भेट देईन.) कलम 5 म्हणतं, अशा नातेवाइकाला व्हिसा फुकट द्या, लवकरात लवकर द्या, त्यासाठी सगळी सोय करा. तिथं पोचल्यावर निवासकार्डाचा अर्ज करायचा आणि सहा महिन्यांत ते मिळायला हवं. तुमच्याच आयोगानं 2009 साली लिहून ठेवलंय की चार आठवड्यांहून जास्त उशीर रास्त नाही. नाकारायचं तर सार्वजनिक सुव्यवस्था, सुरक्षा किंवा आरोग्य ही कारणं लागतात, नाहीतर लग्न खोटं आहे हे दाखवावं लागतं. 'परत जाणार नाही' हे कारण त्यात मला तरी कुठं दिसलं नाही, आणि मी ते पान इतक्यांदा वाचलंय की सत्यनारायणाच्या कथेपेक्षा जास्त पाठ आहे.

आता मला काय काय मागितलं ते ऐका. सहा महिन्यांचं बँक स्टेटमेंट. तीन वर्षांचं आयकर विवरण. ऑफिसचं रजेचं पत्र. हॉटेलचं बुकिंग. हॉटेलचं! नवऱ्याच्या घराचा भाडेकरार जोडलेला असताना. प्रवासविमा. परतीचं तिकीट. लग्नाचे फोटो दिले तर म्हणाले, आणखी द्या, पाहुण्यांसह द्या. मग पंगतीचे दिले. त्यात माझे मामा वाढप्यावर ओरडताहेत असा एक आहे, तोही तुमच्या दप्तरी जमा आहे. व्हॉट्सअ‍ॅपवरचं बोलणं छापून द्या म्हणाले. दोघांच्या खाजगी बोलण्याची चाळीस पानं मी बाजारपेठेतल्या झेरॉक्सच्या दुकानात उभं राहून काढली. दुकानदार शाळेत माझ्या पुढच्या वर्गात होता. त्यानं एकदाही मान वर केली नाही, हे त्याचे उपकार.

आणि मग लग्नाच्या दाखल्यावर घोडं अडलं. तुमचं लग्न पोर्तुगालात नोंदलेलं दिसत नाही, म्हणाले. महोदय, आमचं लग्न गोव्यात नोंदलंय, रीतसर दोन सह्या करून. पहिली सही झाली, मग ठरलेले दिवस थांबलो, मग दुसरी सही. गोव्यात हेच चालतं. आणि हे जे गोव्यात चालतं ना, ते पोर्तुगिजांनीच लिहिलेलं आहे. 1867 ची त्यांची नागरी संहिता, 1910 चा त्यांचा विवाहाचा कायदा. पोर्तुगीज गेले, त्यांचा कायदा राहिला, त्याच कायद्यानं मी एका पोर्तुगीज नागरिकाची बायको झाले, आणि तुमच्या संघातला एक कारकून मला विचारतो की हे लग्न युरोपात धरायचं का. जगात कुठंही कायदेशीर झालेलं लग्न तत्त्वतः मान्य करावं, हेसुद्धा तुमच्याच 2009 च्या कागदात आहे. मी ते छापून नेलं होतं. काउंटरवरच्या मुलीनं ते परत सरकवलं. "मॅडम, हे चेकलिस्टमध्ये नाही."

ती मुलगी तुमची नव्हे, कंत्राटदाराची. तिच्यावर राग नाही. पण व्हिसा फुकट म्हणता आणि दारात कंत्राटदार बसवता, त्याचं काय? सेवाशुल्क घेतलं, कुरियरचे घेतले, एसएमएसचे वेगळे घेतले. (तो एसएमएस आला नाही.) अशा नातेवाइकाला पैसे घेणाऱ्या केंद्राकडून वेळ घ्यायला भाग पाडू नये, असंही तुमच्या व्हिसाच्या हस्तपुस्तिकेत आहे. ती पुस्तिका नेमकी कोणाच्या हस्तात आहे?

सावंतवाडी ते मुंबई माझ्या पाच फेऱ्या झाल्या, सगळ्या कोकणकन्येनं. दोनदा आरक्षण मिळालं नाही तेव्हा जनरलच्या डब्यात दाराशी पेपर टाकून बसले, मांडीवर कागदांची पिशवी. डोंबिवलीच्या मावशीकडे उतरायचं, पहाटे उठून लोकल पकडायची, काउंटरवर अकरा मिनिटं आणि संध्याकाळी परत. गाडीभाडं, भाषांतरं, अपोस्टिल (दाखला परदेशात चालावा म्हणून मारतात तो सरकारी शिक्का), नोटरी मिळून चाळीस हजार तरी गेले असतील. वहीत लिहायचं मी चौथ्या फेरीनंतर सोडून दिलं.

नोकरीही सोडली. तो माझा मूर्खपणा. पतसंस्थेत नऊ वर्षं होते. काउंटरवर मला तोंडी सांगितलं होतं, "पंधरा दिवसांत होईल." मी त्यावर विश्वास ठेवून महिन्याची नोटीस दिली. आता माझ्या खुर्चीवर दुसरी मुलगी बसते आणि मी घरी. नळावर, बाजारात, देवळात एकच प्रश्न: "काय गो, इलो काय तुझो व्हिसा?" सुरुवातीला हसून सांगायचे. आता मी बाजारात दुपारी जाते, ऊन असताना, रस्ता रिकामा असतो. सासूबाईंनी गेल्या महिन्यात हळूच विचारलं की नवराबायकोत काही बिनसलं तर नाही ना. म्हणजे खोटं लग्न शोधायला निघालात तुम्ही, आणि खरं लग्न आहे का हे आता माझ्याच घरातले विचारायला लागले.

कलम 5 मध्येच पुढं आहे की असा नातेवाईक व्हिसा नसताना सीमेवर पोचला, तरी परत पाठवण्यापूर्वी त्याला नातं सिद्ध करायची रास्त संधी द्या. वाचून डोळ्यांत पाणी आलं, एवढं सुंदर आहे. पण गोव्यातल्या मोपाच्या विमानतळावर मला विमानात चढवणार कोण? व्हिसा नसलेला प्रवासी नेला तर विमान कंपनीला दंड. हा हक्क वापरायला मला तुमच्या सीमेपर्यंत पोहत यावं लागेल, साहेब, आणि पोहत येणाऱ्यांचं तुम्ही काय करता ते आम्ही बातम्यांत बघतो.

मी एकटी आहे असं समजू नका. 2024 साली भारतातून शेंगेन व्हिसाचे, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांत एकत्र चालणाऱ्या व्हिसाचे, अकरा लाखांच्या आसपास अर्ज गेले म्हणतात, दीड लाखाहून जास्त नाकारले. जून 2024 पासून तुम्ही शुल्क 80 चं 90 युरो केलंत, आणि नाकारलं तरी ते परत नाही. माझा गुणाकार कच्चा असेल, पण शंभर कोटी रुपयांच्या वर जातं ते. शंभर कोटी, 'नाही' ऐकण्याचे! आणि ज्याच्याकडे पाच लाख युरो आहेत त्याच्यासाठी पोर्तुगालनंच 2012 पासून गोल्डन व्हिसाचं, म्हणजे पैसे गुंतवून राहण्याचा परवाना मिळवायचं, दार उघडलंय. त्याला पंगतीचे फोटो लागत नसावेत.

आमचं सरकार तरी कुठं धुतल्या तांदळाचं? नवऱ्यानं पोर्तुगीज पासपोर्ट घेतला तसा तो इथं परदेशी झाला. दुहेरी नागरिकत्व नाही, ठीक, कायदा आहे. पण पुढं ओसीआय कार्डासाठी (परदेशी नागरिक झालेल्या भारतीयाला इथं येऊन राहू देणारं कार्ड) भारतीय पासपोर्ट स्वतः परत केल्याचं सरेंडर सर्टिफिकेट की तो सरकारनं रद्द केल्याचं सर्टिफिकेट, या घोळात गोव्यातली कितीतरी पोरं लटकली, ते 2024 च्या एप्रिलात कुठं जरा सुटलं. त्याच्या स्वतःच्या घरात, पेडण्यात, तो पाहुणा. मी तुमच्या दारात उपरी. आम्ही दोघांनी संसार करायचा कुठं, अरबी समुद्रात?

मागणं फार नाही. माझा अर्ज टुरिस्ट म्हणून तपासला की नातेवाईक म्हणून, हे मला लेखी कळवा. नाकारण्याचं नेमकं कारण द्या, चौकोनातली खूण नको. तुमच्या निर्देशाचं कलम 30 तेच सांगतं. सेवाशुल्क परत करा. आणि त्या देशाला एक पत्र टाका, तुम्ही टाकू शकता, तुमचं कामच ते आहे. अपिलाला माझ्याकडे तीस दिवस आहेत, त्यातले चार हे पत्र लिहिण्यात गेले. अपील त्यांच्या भाषेत करायचं आहे आणि भाषांतरकार पानाला नऊशे रुपये सांगतो.

कळावे,

सावंतवाडीची एक माहेरवाशीण, नाइलाजानं.

सोबत: लग्नाच्या दाखल्याची झेरॉक्स. मूळ दाखला पाकिटात परत आलेला नाही, तो कुठं आहे तेही कळवावं.