फर्मान फारोचं होतं

नंदुरबार
जानेवारी २०२६

प्रिय ललिता,
सप्रेम सलाम.

परवा फोनवर तू विचारलंस, "तुमच्या चर्चच्या मंडळीतल्या सगळ्या बाया म्हणत होत्या की देवानेच ही पोरगी तुमच्यासाठी राखून ठेवली होती. तू एकटीच गप्प होतीस. का गं?" तेव्हा नीट उत्तर देता आलं नाही. घरात पाहुणे होते, आणि जे सांगायचं ते दोन वाक्यांत मावणारं नव्हतं. तू ख्रिस्ती नाहीस, पण धुळ्याला नर्सिंगच्या होस्टेलवर माझी प्रार्थना तू जितक्या जवळून पाहिलीस तितकी दुसऱ्या कुणी पाहिलेली नाही. म्हणून तुलाच लिहिते.

आधी बातमी. गौरीला दत्तक दिल्याचा जिल्हाधिकाऱ्यांचा आदेश हातात आला. जन्मदाखल्यावर आई म्हणून माझं नाव आहे, वडील म्हणून अनिलचं. आता तिच्या पासपोर्टची वाट पाहतोय. तो आणि 'कारा'चं, म्हणजे केंद्र सरकारच्या दत्तक संस्थेचं, प्रमाणपत्र मिळालं की दिल्लीला अमेरिकन दूतावासात व्हिसा. तोवर आम्ही तिघं आईकडे आहोत. मिरचीचा हंगाम ऐन भरात आहे, पथाऱ्यांवर लाल गालिचे पसरलेत, वारा फिरला की गल्लीत सगळ्यांना ठसका लागतो. गौरीला त्याची भारी गंमत वाटते. शेजारच्या आजी रोज दारातून ओरडतात, "पोरगी कितली गोड शे!" आणि ती अजून माझ्या पदराआड लपते.

पाच पूर्ण झालीत तिला. जन्मतः दोन्ही पावलं आत वळलेली होती. प्लास्टर उशिरा घातली गेली, त्यामुळे डावा पाय अजून थोडा वळतो. पुढे शस्त्रक्रिया लागेल कदाचित. आपण दोघींनी अशी किती बाळं पाहिली, आठवतं ना? दर आठवड्याला नवं प्लास्टर, मग रात्री बूट आणि पट्टी, आणि ते सगळं नेटाने करणारी आई. नेटाने करणारं कुणी नसलं की पाय पुन्हा वळतो.

रात्री ती उशाखाली भाकरीचा तुकडा ठेवते. मी काढायला गेले तर आईने माझा हात धरला. म्हणाली, "राहू दे. इस्राएल लोकांनीपण आभाळातून रोज मिळणारा मान्ना उद्यासाठी लपवून ठेवलाच होता. मिसरातल्या गुलामीतून आलेली माणसं होती ती, त्यांना रोज मिळेल याचा भरवसा कुठून असणार?" आता आई स्वतःच झोपण्याआधी एका डब्यात ताजी भाकरी, थोडा गूळ घालून तिच्या हाताशी ठेवते. सकाळी डबा कधी रिकामा असतो, कधी तसाच. याहून मोठं प्रवचन मी इतक्यात ऐकलेलं नाही.

आता तुझा प्रश्न.

देवाने तिला माझ्यासाठी राखून ठेवलं असं मी म्हटलं, तर त्याच वाक्यात आणखी एक गोष्ट येते, की माझी ओटी भरावी म्हणून त्याने दुसऱ्या एका बाईची रिकामी केली. माझा देव असा नाही. मी त्याच्याकडे बारा-तेरा वर्षांची असल्यापासून रोज बोलते, तो असा नाही हे मला ठाऊक आहे. मोशेची गोष्ट तूही आमच्या नाताळच्या नाटकवाल्यांकडून ऐकली असशील. आईने लव्हाळ्याची पेटी करून डांबर लावलं, बाळाला नदीकाठी ठेवलं, बहीण लांबून पाहत उभी राहिली, मिसरचा राजा फारो, त्याच्या मुलीने त्याला उचलून आपला मुलगा केलं. संडे स्कूलमध्ये आम्ही ही गोष्ट राजकन्येच्या बाजूने ऐकत आलो. पण पेटी करावी का लागली? इब्री, म्हणजे इस्राएल लोकांचे, मुलगे नदीत टाका असं फर्मान होतं म्हणून. ते फर्मान फारोचं होतं, देवाचं नव्हतं. देव त्या पेटीबरोबर होता, यावर माझा पूर्ण विश्वास आहे. पेटी पाण्यात सोडायला त्याने लावलं, यावर नाही. आणि शास्त्र त्या आईला पुसून टाकत नाही. मोशे मोठा झाल्यावर आपल्या भाऊबंदांकडे बाहेर गेला, तेही लिहिलेलं आहे.

गौरीच्या आईवर कुठलं फर्मान होतं ते मला ठाऊक नाही. गरिबीचं, लाजेचं, पायाचं, की नवऱ्याचं. गौरी कुठे आणि कशी सापडली, हे मी कुणाला सांगणार नाही, ललिता, तुलाही नाही. ती तिची गोष्ट आहे, मोठी झाल्यावर सांगायची की नाही ते ती ठरवेल. एवढंच सांगते की फाइलमध्ये वर्तमानपत्राचं एक कात्रण आहे. बालकल्याण समितीसमोर आणलेल्या मुलाच्या आईवडिलांचा शोध घ्यावा लागतो, फोटोसह जाहिरात द्यावी लागते. दोन वर्षांखालच्या बाळासाठी दोन महिने, त्याहून मोठ्यासाठी चार महिने, आणि कुणीच आलं नाही तरच मूल दत्तकासाठी कायद्याने मोकळं होतं. तिचा सगळ्यात जुना फोटो तोच. अनिलने तो पाहिला आणि फाइल मिटून अंगणात निघून गेला.

त्या रात्रीपासून आम्ही त्या बाईसाठी प्रार्थना करतो, नाव न घेता, कारण नाव माहीत नाही. तोवर आमची प्रार्थना म्हणजे 'लवकर दे, प्रभू, लवकर दे' एवढीच असायची.

शिकागोला आमच्या मंडळीत दत्तक म्हणजे मोठी साक्ष समजतात. लोक मनाने उदार आहेत, आमच्यासाठी त्यांनी उपास केले, पैसे जमवले, त्यांचं ऋण फिटणार नाही. पण तिथल्या व्यासपीठावरून बायबलमधल्या याकोबाच्या पत्रातलं ते वचन इतक्यांदा ऐकलं, अनाथांचा आणि विधवांचा त्यांच्या संकटात समाचार घेणं हाच शुद्ध धर्म, आणि दर वेळी बोलणं अनाथांवरच थांबायचं. याकोबाने तर विधवा त्याच श्वासात सांगितली आहे. जिच्याकडून मूल सुटतं ती बाई कुठे गेली? दक्षिण कोरियातून कितीतरी मुलं अशी परदेशी गेली की ज्यांचे आईवडील जिवंत होते आणि कागदावर मात्र ती अनाथ होती. तिथल्या सत्यशोधन आयोगाने २०२५च्या मार्चमध्ये हे उघड मान्य केलं. इथिओपियाने २०१८ साली परदेशी दत्तक बंदच केलं, चीननेही २०२४मध्ये. हे सगळं वाचत असताना आमचा अर्ज चालू होता. अनिल म्हणाला, "मागे घ्यायचा का?" आम्ही मागे घेतला नाही, पण एक ठरवलं, की प्रत्येक कागद स्वतः वाचायचा, न कळलेला प्रत्येक प्रश्न विचारायचा, आणि उशीर झाला तर त्या उशिराविरुद्ध प्रार्थना करायची नाही. कारण तो उशीर बहुतेक वेळा त्या बाईच्या बाजूने असतो. स्वतःहून मूल सोपवणाऱ्या आईला विचार बदलायला दोन महिने मिळतात, ते कुणाच्या घाईने कमी होऊ नयेत. मूल आधी देशात द्यायचं, साठ दिवसांत इथे घर मिळालं नाही तरच ते परदेशासाठी मोकळं, हा नियमसुद्धा मला पटतो, जरी त्या नियमाच्या दुसऱ्या टोकाला आम्हीच उभे होतो. वळलेल्या पायांच्या मुलीला इथे कुणी 'हो' म्हणालं नाही, हे मात्र अजून सलतं.

तुला माहीत आहे का, आपल्याकडे हे नियम कसे आले? लक्ष्मीकांत पांडे नावाच्या वकिलांनी परदेशी दत्तकातल्या गैरप्रकारांबद्दल सर्वोच्च न्यायालयाला एक पत्र लिहिलं. न्यायालयाने त्या पत्रालाच याचिका मानलं आणि १९८४ साली निकाल दिला. पुढे 'कारा' आली, परदेशी दत्तकाबद्दलचा १९९३चा हेग करार आला, २००३ साली भारताने तो स्वीकारला. बाजार होऊ नये म्हणून कुणीतरी किती कष्ट घेतले. मी या लोकांसाठीही देवाचे आभार मानते.

आणि आम्हा ख्रिस्ती लोकांसाठी कायदा म्हणजे काय, हे धाकट्या मावशीने सोसलंय. तिला मूल नव्हतं. तिने सुधीरदादाला तान्हा असताना घरी आणलं. १९५६चा दत्तक कायदा हिंदूंचा, त्यात बौद्ध, जैन, शीख धरलेले, आम्ही नाही. आमच्या वाट्याला इंग्रजांचा १८९०चा पालकत्वाचा कायदा. म्हणजे मावशी त्याची आई नाही, कोर्टाने नेमलेली पालक, तीसुद्धा तो अठरा वर्षांचा होईपर्यंत. वाढदिवसाला घरात केक कापला आणि कायद्याच्या लेखी त्या दिवसापासून ती त्याची कुणी उरली नाही. घर त्याला मिळावं म्हणून तिला मृत्युपत्र करावं लागलं. बाल न्याय कायद्यातून सगळ्या धर्मांच्या लोकांना दत्तकाची वाट मिळाली ती या शतकात, आणि शबनम हाश्मी यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली ते स्पष्ट केलं. आमचा आदेश आला तेव्हा मावशीने तो हातात घेऊन सावकाश दोनदा वाचला. जन्मदाखल्यावर माझ्या नावावरून बोट फिरवलं. म्हणाली, "तुझं नाव लिहिलंय हं, पोरी."

म्हणून कागदांबद्दल मी हट्टी आहे. अमेरिकेतही अशी माणसं आहेत जी लहानपणी दत्तक म्हणून तिथे नेली गेली, तिथेच वाढली, पण आईवडिलांनी नागरिकत्वाचे कागद पुरे केले नाहीत. २००१च्या फेब्रुवारीत नवा कायदा लागू झाला तेव्हा ज्यांची अठरा वर्षं उलटून गेली होती ते त्यातून वगळले गेले. काहींना तर भाषाही न येणाऱ्या जन्मदेशात परत पाठवलं गेलं. गौरीचं तसं होणार नाही. आमच्याबरोबर तिथे उतरली की ती नागरिक.

नावाचंही तुला सांगायचं होतं. मंडळीतल्या काकूंना वाटतं तिला रूथ म्हणावं. पाळकसाहेबांनीही हळूच सुचवलं. आम्ही नाही म्हटलं. ती आमच्याकडे आली तेव्हा सोबत आणलेलं, तिचं स्वतःचं असं, ते एक नावच होतं. आमच्या पणजोबांचं काय झालं ते आमच्या घरात सगळ्यांना माहीत आहे. छप्पन्याच्या दुष्काळात, १८९९-१९००मध्ये, ते चार-पाच वर्षांचे असतील, कुणी तरी त्यांना मिशनच्या अनाथालयात पोचवलं. रजिस्टरात लिहिलं 'शमुवेल'. आधीचं नाव, गाव, आई, काहीच लिहिलं नाही. ते जगले, शिकले, मास्तर झाले, आमच्या घराण्यात विश्वास आला तो त्यांच्यामुळे. आणि म्हातारपणापर्यंत बाजाराच्या दिवशी डोंगराकडून आलेल्या माणसांना विचारत राहिले, नदीकाठी दोन चिंचा असलेलं गाव कुठलं? दादा सांगायचे की ते प्रार्थना करताना रडायचे आणि कुणी विचारलं तर काही बोलायचे नाहीत. ज्या मिशनऱ्यांनी त्यांना वाचवलं त्यांना मी कधीही नावं ठेवणार नाही. पण रजिस्टरात एक ओळ जास्त लिहिली असती तर काय बिघडलं असतं?

तर गौरी ही गौरीच राहील. रविवारी तिला देवाच्या हाती सोपवायची, अर्पणाची प्रार्थना आहे, तीही याच नावाने. बाप्तिस्मा ती मोठी होऊन स्वतः मागेल तेव्हा, मागितला तर. मागावा असं मला फार वाटतं, हे तुझ्यापासून लपवत नाही. प्रभूवर माझं जे प्रेम आहे ते तिलाही लाभावं, याहून मोठं तिच्यासाठी मी काय मागू? पण आमच्या घरातली भाकरी, शाळा, पायाचं ऑपरेशन, यातलं काहीच त्यावर अवलंबून असणार नाही, आणि हे तिला शब्दांनी सांगावं लागू नये असं वागायचंय. रक्ताचं नातं नाही म्हणून कुजबुजणारे इथेही आहेत, तिथेही. त्यांना अनिल शांतपणे सांगतो की बायबलमधल्या प्रेषित पौलाच्या म्हणण्याप्रमाणे देवाच्या घरात आपण सगळेच दत्तक आहोत, मग उच्च कोण आणि नीच कोण?

मग देवाने काय केलं, असं तू विचारशील. मला वाटतं, त्याने आम्हाला इतकी वर्षं थांबवून धरलं आणि त्या थांबण्यात कडू होऊ दिलं नाही. संस्थेतली एक ताई रोज रात्री गौरीच्या पायांना तेल लावायची, तिचं कामही नव्हतं ते. तिथे देव होता. शोधाची जाहिरात कुणाच्याही नजरेतून सुटू नये म्हणून जो कारकून नीट ठळक छापून आणतो, तिथेही असतो. त्याची योजना मला दिसली असं मी म्हणणार नाही. तो दिसला, एवढं म्हणेन.

आता एक मागणं. दोन वर्षं तिथले समाजसेवक येऊन अहवाल पाठवतील, पहिल्या वर्षी दर तीन महिन्यांनी, दुसऱ्या वर्षी सहा महिन्यांनी. त्यानंतर कुणी विचारणार नाही. पण अठरा वर्षांची झाली की तिला आपल्या मुळांचा शोध घ्यायचा हक्क आहे. ती कधी तरी इथे येईल, फाइल मागेल, दारं ठोठावेल. तेव्हा मी कुठे असेन, कशी असेन, माहीत नाही. तिच्यासोबत जायला कुणीतरी मराठी बोलणारं, सरकारी कचेरीत न दबणारं, आणि तिच्या आईबद्दल एकही वाईट शब्द न काढणारं माणूस हवंय. तू जाशील का? फाइलची एक पूर्ण प्रत मी तुझ्याकडे ठेवायला देणार आहे, जळगावला, तुझ्या लोखंडी कपाटात. नाही म्हणायचं असेल तर आत्ताच म्हण, मी रागावणार नाही. पण तू हो म्हणशील असं धरून चालले आहे.

रविवारी उपासना दहाला आहे. सुरतकडे जाणारी गाडी धर, अनिल स्टेशनवर येईल. शेवभाजी आईने करायची ठरवली आहे, तुझ्यासाठी तिखट वेगळी. गौरीला तुझा फोटो दाखवलाय आणि मावशी म्हणून ओळख करून दिली आहे. तिने विचारलं, "ती पण अमेरिकेला येणार?" मी सांगितलं, नाही, ती इथेच असते.

तुझी,
सुनीता