आमटी आणि कानातली नस

सेंट लुइस,
१४ जानेवारी

ती. आईस,
सा. न. वि. वि.

परवा फोनवर बाबा मध्येच "सगळे नखरे" म्हणाले आणि तू गप्प बसलीस. म्हणून हे पत्र. त्यांना मोठ्याने वाचून दाखव.

उजव्या कानाचं ऑपरेशन झाल्यापासून जिभेची उजवी कड पत्रा चाटल्यासारखी लागते, आमसूल घातलेली आमटीसुद्धा मचूळ वाटते, असं तू म्हणालीस. कानाचा नि आमटीचा काय संबंध? आहे ना! जिभेच्या पुढच्या दोन-तृतीयांश भागाची चव मेंदूकडे नेणारी नस मधल्या कानातून, पडद्याला अगदी लागून जाते. तिथे काम करताना ती ताणली जाऊ शकते, कधी तुटतेही. मागच्या भागाची नस वेगळी. गिळताना थोडं आंबट कळतं म्हणालीस ते त्यामुळे असणार.

आता माझ्या आवडीचा भाग. जिभेवरच्या एकेका स्वादकलिकेत, म्हणजे चव ओळखणाऱ्या गुच्छात, ५० ते १०० पेशी असतात आणि त्या फार टिकत नाहीत. उंदरांत मोजलं तेव्हा सरासरी १० दिवस निघाले. म्हणजे आपल्या दादरच्या चाळीतलं बिऱ्हाड दर दहा दिवसांनी बदलायचं आणि वायरमनने दर वेळी नवी जोडणी करायची! बरं, नसेच्या तंतूला नेमकी खोली सापडते कशी? कलिकेतल्या पेशी बीडीएनएफ नावाचं प्रथिन तयार करतात आणि ते ओळखणारा ग्राही, ट्रॅक-बी (लोकलचा ट्रॅक नव्हे, बाबा), चवीच्या तंतूंवर असतो. हे प्रथिन बनवताच न येणाऱ्या उंदरांत तंतू भरकटतात, कलिकाही कमी होतात. जिभेवर भलत्याच जागी ते बनेल अशी व्यवस्था केली, तर तंतू मुकाट तिकडे जातात. पत्ता चुकीचा, पण पोस्टमन प्रामाणिक.

उलट बाजूही तितकीच खरी. नस तुटली की कलिका सुकतात आणि नस पुन्हा वाढून जिभेपर्यंत आली की त्या परत उगवतात.

बीडीएनएफच्या कुळातलं पहिलं सापडलेलं प्रथिन म्हणजे एनजीएफ, नसांच्या वाढीला मदत करणारं. त्याचा छडा लावणाऱ्या रीटा लेवी-मोंटालचिनी याच गावातल्या वॉशिंग्टन विद्यापीठात होत्या. त्याआधी, ज्यू म्हणून इटलीत विद्यापीठाची दारं बंद झाली, तेव्हा त्यांनी तूरिनला झोपायच्या खोलीत प्रयोगशाळा थाटली होती, कोंबडीच्या अंड्यांवर. १९८६ साली सहकारी स्टॅनली कोहेन यांच्यासह नोबेल मिळालं. गंमत म्हणजे एनजीएफचा मोठा साठा त्यांना उंदराच्या लाळग्रंथीत सापडला. तुझ्या स्वयंपाकघरात ही गोष्ट सांगायची राहूनच गेली होती.

बऱ्याच जणांना काही महिन्यांत फरक पडतो. तुझी चव पूर्ण परतेलच, असं वचन मात्र मी देत नाही. कानाच्या डॉक्टरांना स्पष्ट विचार, "चवीची नस शाबूत आहे का?" लाजू नकोस. आणि दर रविवारी कापसाच्या काडीने साखरेचं पाणी आधी डाव्या कडेला, मग चूळ भरून उजव्या कडेला लाव. काय लागलं ते बाबांनी भिंतीवरच्या कालनिर्णयवर लिहायचं. नखरे म्हणाले ना, मग हे काम त्यांचंच.

तुझी,
मनी