खाडाखोडीचा कागदही मागवा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

शाळकरी मुलांसाठी कुणाच्या तरी स्मरणार्थ काव्यस्पर्धा जाहीर झाली की तिच्या निवेदनात अंतिम तारीख, बक्षिसे, पत्ता आणि ‘कविता स्वरचित असावी’ हे वाक्य हमखास असते. या शेवटच्या वाक्याचा उपयोग शून्य. पाठवणारा प्रत्येक जण ते मान्य करूनच पाठवतो, मग कविता मुलाची असो, मामाची असो वा मोबाइलने लिहून दिलेली असो. त्याऐवजी एकच अट घाला : पक्क्या प्रतीसोबत कच्चा खर्डा जोडावा, खाडाखोडीसकट.

मुलाने खरोखर लिहिलेल्या कवितेचा खर्डा लगेच ओळखू येतो. एकच शब्द तीनदा खोडलेला असतो, समासात यमकांची यादी असते, अक्षरे मोजताना दिलेले टिंब असतात, आधी दुसरे असलेले कडवे बाण काढून पहिले केलेले असते. उतरवलेल्या कवितेला असा भूतकाळ नसतो. खर्डाही बनवता येईल, हे खरे. पण खोटी खाडाखोड सहसा शुद्धलेखनाची असते. विचार बदलल्याची खूण तीत सापडत नाही. मोठ्यांनी केलेली ‘थोडीशी मदत’ तर हस्ताक्षरातच दिसते. शिक्षकांनी एखादा शब्द सुचवला म्हणून कविता बाद करू नये, मात्र शेवटचे कडवे अख्खे त्यांच्या अक्षरात असेल तर गुण देताना ते सोडून द्यावे.

यंत्राने लिहिलेल्या कवितांची एक ढब असते. प्रत्येक कडवे समान वजनाचे, शेवटी उपदेश, आणि मधे एकही वस्तू नाही, नुसती स्वप्ने, आशा, प्रकाश. तरीही संशयावरून कुणाला बाद करू नये. ओळखून देणारी संगणकीय साधने आठ-दहा ओळींच्या मजकुरावर भरवशाची नाहीत, आणि उपदेश करून थांबायला मुलांना पाठ्यपुस्तकेही शिकवतातच. त्यापेक्षा अंतिम फेरीला वीस-पंचवीस मुलांना बोलावून विषय तिथेच द्यावा आणि चाळीस मिनिटे लिहू द्यावे. घरी आठवडाभर घडवलेल्या कवितेची सर इथे येणार नाही, ती अपेक्षाही नको. शब्दांची जात आणि पाहण्याची पद्धत जुळते का, एवढेच पाहायचे. नक्कल शोधताना पहिली ओळ शोधून फायदा नाही, कारण उतरवणारा तीच बदलतो. तिसरी-चौथी ओळ अवतरणचिन्हांत घालून शोधावी. जुन्या पाठ्यपुस्तकांतल्या कविता पाठ असलेले एखादे निवृत्त शिक्षक परीक्षकांत असले तर शोधयंत्रालाही न सापडणारी चोरी ते सांगतात.

विषयाबाबत स्मृतिस्पर्धांची एक खास अडचण आहे. दिवंगत व्यक्तीवरच कविता मागवली जाते. मुलांनी त्या व्यक्तीला पाहिलेले नसते. मग निवेदनातला परिचय यमकात बसवून परत येतो आणि ‘थोर’, ‘महान’, ‘दीपस्तंभ’ यांची रास पडते. नाव स्पर्धेला आणि बक्षिसाला असावे, विषयात नको. व्यक्तीशी नाते ठेवायचेच असेल तर त्यांच्या कामातली एखादी वस्तू द्यावी : शिक्षक असतील तर खडू, सुतार असतील तर रंधा, परिचारिका असतील तर रात्रपाळी. ‘पर्यावरण’ म्हटले की घोषणा येतात, ‘दारासमोरचे झाड’ म्हटले की झाड येते.

गट इयत्तेप्रमाणे करावेत, पाचवी ते सातवी आणि आठवी ते दहावी. पाचवीचे मूल आणि दहावीचे मूल एका रांगेत बसवले की लहान मुलांत फक्त ‘गोड’ कविता जिंकतात. वरची मर्यादा सोळा ओळींची पुरे. खालची मर्यादा मात्र ठेवूच नये. ‘किमान बारा ओळी’ असे लिहिले की सहा ओळींत संपलेली कविता पाणी घालून वाढवली जाते.

यमकाला वेगळे गुण ठेवणे ही सर्रास होणारी चूक. शाळा, फळा, मळा, गळा ही साखळी एकदा सुरू झाली की अर्थ तिच्यामागे फरपटत जातो. लय मात्र तपासावी, आणि ती मोठ्याने वाचून. अष्टाक्षरी (ओळीत आठ अक्षरे) लिहिणारी बरीच मुले जोडाक्षर दोन अक्षरे धरून मोजतात. ‘पुस्तक’ हा शब्द तीन अक्षरांचाच (पु, स्त, क). मात्रा मोजायच्या असतील तर जोडाक्षराचा आघात आल्यामुळे ‘पु’ गुरू म्हणजे दोन मात्रांचा होतो आणि त्याच शब्दाच्या मात्रा चार होतात. काही परीक्षकांचाही इथे गोंधळ उडतो आणि बिनचूक ओळ लंगडी ठरते. मुक्तछंद असेल तर ओळी जोडून सलग वाचाव्यात. ओळ तोडल्याने काहीच मिळाले नसेल, तर तो छोटा निबंध आहे.

आता परीक्षण. सहाशे कविता आल्या आणि प्रत्येकीला तीन मिनिटे दिली तर एका परीक्षकाचे तीस तास होतात. ते दोन रविवारांत उरकायला सांगितले की शेवटच्या दोनशे कविता कुणी वाचत नाही. एका बैठकीत चाळीसपेक्षा जास्त नकोत, आणि प्रत्येक परीक्षकाला गठ्ठा वेगळ्या क्रमाने द्यावा. पहिल्या चाळणीत प्रत्येक कविता दोघांनी वाचावी आणि दोघांपैकी एकाला जरी हवीशी वाटली तरी पुढे न्यावी. दोघांचेही ‘हो’ हवे असा नियम केला की वेगळी, थोडी विचित्र कविता सर्वांत आधी गळते.

अंतिम निकाल गुणांची बेरीज करून लावू नये. एक परीक्षक 40 ते 90 मध्ये गुण देतो, दुसरा 65 ते 75 मध्येच. एका कवितेला 88 आणि 68, दुसरीला 78 आणि 75. बेरीज 156 विरुद्ध 153, म्हणजे पहिली जिंकली. क्रम लावून पाहा : समजा पहिली कविता पहिल्या परीक्षकाच्या यादीत पहिली पण दुसऱ्याच्या यादीत सातवी, तर दुसरी कविता अनुक्रमे तिसरी आणि पहिली. क्रमांकांची बेरीज आठ आणि चार, आणि कमी बेरीज वरची. गुणांचा पल्ला मोठा ठेवणारा परीक्षक एकट्याने निकाल फिरवू शकत नाही, म्हणून क्रमच धरावेत. परीक्षक तीन असावेत आणि दिवंगतांचे कुटुंबीय त्यांत नसावेत. त्यांनाही ते सोयीचेच जाते.

कवितेच्या कागदावर नाव-शाळा नको, फक्त सांकेतिक क्रमांक. खर्डा आणि नावाचा कागद संयोजकाकडे वेगळ्या पाकिटात राहावा. खर्डे पहिल्या चाळणीनंतरच उघडावेत, नाहीतर हस्ताक्षर पाहून गुण पडतात. नाव देवनागरीत, मुलाने स्वतः लिहिलेले घ्यावे. इंग्रजी अर्जावरून प्रमाणपत्रे छापली की ‘मानस’चा ‘मनस’ होतो.

स्मृतिस्पर्धा म्हटल्यावर वडील गेल्याच्या, आजी गेल्याच्या कविता येणारच. त्या दुःखाला गुण देऊ नयेत आणि त्यावरून कापूही नयेत. निकष तोच : दुःख कशातून दिसले? मात्र एखाद्या कवितेत मारहाण, छळ किंवा जीव नकोसा झाल्याचे दिसले, तर ती स्पर्धेची बाब राहत नाही. निकालाची वाट न पाहता त्याच दिवशी मुख्याध्यापकांशी किंवा समुपदेशकांशी बोलावे. त्रास घरातून होत असल्याची शंका असेल तर थेट घरी फोन करू नये. अशी कविता मंचावर वाचायला लावू नये आणि मुलाला न विचारता छापूही नये.

समारंभात पाहुण्यांची भाषणे आधी आणि मुलांच्या कविता शेवटी ठेवली की तोवर निम्मे सभागृह रिकामे झालेले असते. कविता आधी घ्याव्यात. सोळा ओळी वाचायला मिनिटभर लागते, दहा मुलांना ये-जा धरून वीस मिनिटे पुरतात. ध्वनिक्षेपकाचा दांडा पाचवीतल्या मुलाच्या उंचीला खाली येतो का, हे आदल्या दिवशी पाहावे. निकालानंतर खर्डे मुलांना परत द्यावेत, बक्षीस न मिळालेल्यांनाही. परीक्षकाला आवडलेल्या एका ओळीखाली पेन्सिलीची रेघ ओढून दिली तर फारच उत्तम.

आपले,
शालेय काव्यस्पर्धांच्या संयोजनात व परीक्षणात काम करणारे काही शिक्षक