समुपदेशकांच्या जाहिरातीत नोंदणी क्रमांक छापा

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत हल्ली ऑनलाइन समुपदेशनाच्या जाहिराती नेमाने दिसतात. नैराश्य, चिंता, नवरा-बायकोतले ताण, सगळ्यांवर घरबसल्या उपाय. खाली मोबाइल क्रमांक आणि फी. समोरची व्यक्ती काय शिकली आहे, तिची नोंदणी कुठे आहे, याचा मात्र पत्ता नसतो. ही माहिती दिल्याशिवाय अशी जाहिरात आपण घेऊ नये, अशी विनंती करण्यासाठी हे पत्र.

ऑनलाइन उपचारांबद्दल मला अजिबात शंका नाही. मी त्यांनीच सावरलो आहे. देवरुखला कनिष्ठ महाविद्यालयात मी रसायनशास्त्र शिकवतो. फळ्यासमोर उभा असताना अचानक छाती धडधडायची, हातपाय गार पडायचे, आता मी मरणार असे वाटायचे. ईसीजी, टूडी इको, थायरॉइड, सगळे तपासून झाले. काही निघाले नाही. हे पॅनिक अटॅक आहेत, असे आमच्या डॉक्टरांनी सांगितले आणि पुण्याच्या एका क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट (मानसिक आजारांवर औषधाविना उपचार करणाऱ्या मानसशास्त्रज्ञ) मॅडमचा नंबर दिला. रत्नागिरीला प्रादेशिक मनोरुग्णालय आहे, पण दर आठवड्याला कॉलेज बुडवून जाणे जमणारे नव्हते. शिवाय आमच्याकडे 'रत्नागिरीला नेला' म्हटले की लोक काय समजतात, हे कोकणात राहणाऱ्याला सांगायला नको.

पहिल्याच भेटीत मॅडमनी स्वतःचा भारतीय पुनर्वास परिषदेचा, म्हणजे क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची नोंदणी ठेवणाऱ्या संस्थेचा, नोंदणी क्रमांक दिला आणि परिषदेच्या संकेतस्थळावर तो तपासून घ्यायला सांगितला. मग विचारले, आत्ता तुम्ही कुठे बसला आहात, खोलीत आणखी कोणी आहे का, जवळचे रुग्णालय कोणते, गरज पडली तर मी कोणाला फोन करू? पुण्यात बसून मला धावत येता येणार नाही, म्हणून हे आधी विचारते, असे त्या म्हणाल्या. झोपेच्या गोळीचा विषय मी काढला, तेव्हा औषध लिहून देणे माझ्या अधिकारात नाही, लागलेच तर मानसोपचारतज्ज्ञ डॉक्टरांकडे पाठवीन, असे त्यांनी स्पष्ट सांगितले.

उपचार मला आधी विचित्रच वाटला. मुद्दाम जिने चढून धडधड वाढवायची, मग नाडी न तपासता, पाणी न पिता, कोणाला हाक न मारता नुसते बसायचे. धडधड आपोआप उतरते, हे शरीराला स्वतः कळू द्यायचे. 'काय होईल असे वाटले' आणि 'प्रत्यक्षात काय झाले' असे दोन रकाने वहीत भरायचे. घरी आई आणि मुले, म्हणून मी प्रॅक्टिकल संपल्यावर प्रयोगशाळेत बसून बोलायचो. पावसात नेट गेले की साध्या फोनवर. हळूहळू त्या धडधडीची भीतीच गेली.

आता दुसरी बाजू. माझ्या एका विद्यार्थिनीच्या आईने बारावीच्या ताणासाठी मुलीचे ऑनलाइन समुपदेशन सुरू केले. समुपदेशन करणाऱ्या गृहस्थांनी मुलीचे रडतानाचे बोलणे रेकॉर्ड करून 'अनुभव' म्हणून स्वतःच्या ग्रुपवर टाकले. त्यांची पात्रता काय, तर शनिवार-रविवारच्या कार्यशाळेचे प्रमाणपत्र. मुलगी आठवडाभर कॉलेजात आली नाही. नोंदणीच नसलेल्या माणसाविरुद्ध त्या माऊलीने कोणत्या परिषदेकडे तक्रार करायची?

क्लिनिकल सायकॉलॉजिस्टना १९९२ च्या पुनर्वास परिषद कायद्याखाली नोंदणी सक्तीची आहे. इतर बहुतेक मानसशास्त्रज्ञ आणि समुपदेशक त्यात येत नाहीत. त्यांच्यासाठी २०२१ चा संलग्न आरोग्य व्यवसायांचा कायदा आहे, पण आमच्या तालुक्यात तरी त्याचा परिणाम अजून जाणवत नाही. एम.ए. किंवा एम.एस.डब्ल्यू. करून मनापासून काम करणारे पुष्कळ आहेत, त्यांच्यावर अन्याय नको. म्हणून नोंदणी असेल तर क्रमांक, नसेल तर पदवी आणि विद्यापीठ, एवढे तरी जाहिरातीत छापावे. आणि ज्यांना फी परवडत नाही त्यांच्यासाठी शेजारीच टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक द्यावा. ऑक्टोबर २०२२ पासून सुरू असलेली ही सरकारी सेवा मोफत आहे, चोवीस तास आहे आणि मराठीत बोलता येते. आमच्या स्टाफरूममध्ये विचारले, तर एकालाही ती माहीत नव्हती.

आपला,
एक शिक्षक, देवरुख, जि. रत्नागिरी
(विद्यार्थिनीची ओळख उघड होऊ नये म्हणून नाव छापू नये, ही विनंती.)